टायमिंग आणि नॉकिंग : स्कॅनरचे आकडे कसे वाचावेत?

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला कारागीर पूर्वी नुसत्या कानाने टायमिंग लावत असे. आता गाडीत कॉम्प्युटर आला आणि कारागिराच्या हातात स्कॅनर आला. आकडे दिसू लागले. परंतु ते वाचावेत कसे, हे फारसे कोणी शिकवत नाही. मग चुकीच्या टायमिंगने पिस्टन जातो, इंजिन उघडण्याचा खर्च गॅरेजवाल्याच्या अंगावर पडतो आणि वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक तुटते. म्हणून या वेळी आम्ही नॉकिंगचा विषय घेतला आहे.

नॉकिंग म्हणजे काय?

प्लगची ठिणगी पडली की ज्वाला प्लगपासून कडेपर्यंत पसरत जाते. त्याला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याच्या काही अंश आधीच ठिणगी द्यावी लागते. हाच टायमिंग ॲडव्हान्स होय. तो प्रमाणाबाहेर वाढला, तर ज्वाला येण्यापूर्वीच कडेचे उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप एकदम पेटते. सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आदळतात आणि टणटण असा आवाज येतो. पिस्टनचा माथा खरवडणे, रिंगांच्या मधली भिंत तुटणे, हेड गॅसकेट उडणे ही त्याची फळे आहेत. वेग जास्त असताना हा आवाज इतर आवाजांत बुडून जातो; म्हणून तेव्हाचे नॉकिंग अधिक घातक असते.

सेन्सर काय ऐकतो?

इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ही थरथर विजेच्या इशाऱ्यात बदलतो. बोअर ७५ मि.मी. असेल तर ही थरथर सेकंदाला सुमारे साडेसात हजार वेळा होते. बोअर मोठा असेल तर ती कमी, लहान असेल तर जास्त. ई.सी.यू. ठिणगीनंतरच्या ठरावीक अंशांतच हा इशारा ऐकतो, नेहमीच्या आवाजाशी ताडून पाहतो आणि संशय आल्यास टायमिंग झटकन मागे घेतो. नंतर ते हळूहळू पूर्वपदावर आणतो. ही कपात अनेक स्कॅनरवर 'नॉक रिटार्ड' या नावाने अंशांत दिसते. सेन्सरचा बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच आवळावा. ढिला किंवा अति घट्ट झाला तर सेन्सर चुकीचे सांगतो.

फसगत येथे होते

समजा, ३,००० आर.पी.एम.वर, पूर्ण ॲक्सिलरेटर दिलेला असताना स्कॅनर टायमिंग २० अंश आणि नॉक रिटार्ड ४ अंश दाखवतो. अनेक गाड्यांत दिसणारे हे २० अंश कपात झाल्यानंतरचे असतात. म्हणजे मूळ तक्त्यात २४ होते. कारागीर म्हणतो, "टायमिंग कमी आहे, म्हणून पिकअप नाही," आणि रिमॅप करताना ते २८ करून देतो. वास्तविक ई.सी.यू. इंजिन वाचवण्यासाठीच टायमिंग मागे घेत होता! त्याच्या कपातीलाही मर्यादा असते. ती संपली की इंजिनाला वाचवणारे कोणी उरत नाही. म्हणून टायमिंगचा आकडा कधीही एकटा वाचू नये. आर.पी.एम., लोड, पाण्याचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि नॉक रिटार्ड हे सर्व आकडे एकत्र पाहावेत.

खरे नॉकिंग की खोटे?

सैल हीट शील्ड, तुटलेले माउंटिंग, टॅपेटचा आवाज यांनाही सेन्सर फसतो. त्यासाठी चाचणी अशी :

१) एकाच गिअरमध्ये, सारख्याच लोडवर तीन वेळा आकडे घ्यावेत. एकदाच दिसलेला आकडा रस्त्याच्या दणक्याचाही असू शकतो. तिन्ही वेळा त्याच जागी आला तर तो गंभीर समजावा.

२) टायमिंग २ ते ३ अंश मागे घ्यावे. रिटार्ड कमी झाला तर नॉकिंग खरे. लोड असो वा नसो, टायमिंग काहीही असो, आकडा तसाच राहिला तर सुटा भाग शोधावा.

३) प्लग काढून पोर्सिलेन पाहावे. त्यावर काळे किंवा चंदेरी बारीक ठिपके असतील तर पिस्टन झिजू लागला आहे. काम तेथेच थांबवावे.

ही चाचणी डायनोवर किंवा बंद आवारात करावी आणि स्कॅनर दुसऱ्या माणसाच्या हाती असावा. वर्दळीच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये.

आधी कारण, मग टायमिंग

नॉकिंग खरे ठरले तरी लगेच टायमिंगला हात लावू नये. रेडिएटर, थर्मोस्टॅट, हेडमधला कार्बन, पातळ मिश्रण, चुकीचा प्लग आणि रॉकेलची भेसळ असलेले पेट्रोल हे सर्व तपासावे. सी.एन.जी.च्या गाडीत आणखी एक जागा पाहावी. गॅस सावकाश जळतो व त्याचा ऑक्टेन जास्त असतो, म्हणून गॅससाठी टायमिंग पुढे ठेवतात. गाडी पेट्रोलवर येताच ॲडव्हान्सर बंद झाला नाही तर नॉकिंग ठरलेलेच.

कारण दूर करूनही वरच्या उदाहरणातील नॉकिंग राहिले तर २४ चे २० करावे व तीन वेळा तपासावे. रिटार्ड शून्य झाला तरी आणखी २ अंश मागे घेऊन १८ वर थांबावे. हे २ अंश कशासाठी? कारण आपण सकाळच्या गारव्यात रिकामी गाडी तपासतो आणि गिऱ्हाईक मे महिन्याच्या दुपारी पाच माणसे बसवून कसारा घाट चढतो. एवढ्याने ताकदीत फारसा फरक पडत नाही. मात्र विनाकारण फार मागेही जाऊ नये. त्याने सायलेन्सरकडे जाणारा धूर तापतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

कारागीर बंधूंनो, प्रत्येक गाडीचे आधीचे व नंतरचे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि गिऱ्हाइकाला दाखवा. "जास्त पिकअप पाहिजे" असा आग्रह झाला तर नकार देण्याची हिंमत ठेवा. त्याची गाडी आपल्याकडे अमानत आहे. ती आली त्यापेक्षा वाईट होऊन परत जाता कामा नये. दोन अंशांचा मोह सोडणाऱ्या कारागिराचे गिऱ्हाईक टिकते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.