वनौषधी, रजोनिवृत्ती आणि स्तनाचा कर्करोग : सावधानतेची गरज

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचा मोठा भाग बागायती झाला. तेथील ऊस, द्राक्षे आणि डाळिंबाच्या शेतीत स्त्रियांच्या श्रमाचा वाटा फार मोठा आहे. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी कायमची थांबते. या सुमारास एकाएकी अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे, रात्री घामाने जाग येणे, चिडचिड होणे असा त्रास अनेकींना होतो. उन्हात खुरपणी करणाऱ्या स्त्रीला तो अधिकच जाणवतो. परंतु संकोचामुळे ती तो बोलून दाखवीत नाही. शेजारणीने सांगितलेला काढा, आठवडे बाजारातील चूर्ण किंवा दुकानातील गोळ्या यांवर ती भागवून नेते. झाडपाल्याच्या औषधाने गुण आला नाही, तरी अपाय तर होणार नाही, अशी त्यामागे समजूत असते.

ही समजूत सर्वच स्त्रियांच्या बाबतीत खरी नाही. जिला स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, जिचे त्यावरील उपचार चालू आहेत, अथवा जिच्या आईला किंवा बहिणीला हा रोग झाला आहे, अशा स्त्रीने वनौषधीही विचारपूर्वकच घेतली पाहिजे.

संप्रेरकांचा संबंध

पाळी थांबल्यावर शरीरातील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि त्यामुळे वरील त्रास होतो. स्तनाच्या कर्करोगाच्या निम्म्याहून अधिक प्रकारांत रोगपेशींची वाढ याच संप्रेरकाच्या आधारे होते. म्हणून अशा रुग्णांना टॅमॉक्सिफेनसारखी औषधे पाच किंवा अधिक वर्षे दिली जातात. ही औषधे संप्रेरकाला स्तनातील पेशींवर परिणाम करू देत नाहीत. मात्र त्यांच्यामुळेही अंगातून वाफा निघतात. हा त्रास शमविण्यासाठी स्त्री जर इस्ट्रोजेनसारखे कार्य करणारी वनस्पती घेऊ लागली, तर एका हाताने बंद केलेले दार दुसऱ्या हाताने उघडल्यासारखे होण्याची शक्यता असते.

ही शंका निराधार नाही. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेला संप्रेरक-गोळ्यांचा अभ्यास २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला. कारण संयुक्त संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळून आले. कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांना अशी संप्रेरके देण्याचा स्वीडनमधील प्रयोगही रोग उलटण्याचे प्रमाण वाढल्याने २००३ मध्ये बंद करण्यात आला. त्यानंतर वनस्पतिजन्य पर्यायांकडे जगभर ओढा वाढला. परंतु संप्रेरकाच्या गोळ्यांची जितकी कसोशीने तपासणी झाली, तितकी या पर्यायांची झालेली नाही.

अन्न वेगळे, अर्क वेगळा

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनशी साम्य असलेली द्रव्ये असतात. तरीही आहारातील सोयाबीन अपायकारक ठरलेले नाही. चीनमधील शांघाय येथे स्तनाचा कर्करोग झालेल्या ५,०४२ स्त्रियांच्या अभ्यासात, आहारात सोयाबीन असणाऱ्या स्त्रियांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण कमीच दिसले. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र त्याच द्रव्यांचा अर्क काढून केलेल्या गोळ्यांना हा निष्कर्ष लागू करता येत नाही. अशा गोळ्या या रुग्णांनी घेऊ नयेत, असाच सल्ला सामान्यतः दिला जातो.

हळदीचेही तसेच आहे. भाजी-आमटीतील चिमूटभर हळदीची चिंता नको. परंतु हळदीचा अर्क आणि मिऱ्यातील द्रव्य एकत्र दिल्यास टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणाऱ्या गुणकारी द्रव्याचे रक्तातील प्रमाण घटते, असे नेदरलँड्समधील एका छोट्या अभ्यासात २०१९ मध्ये दिसून आले.

शतावरी आणि ज्येष्ठमध या आपल्याकडे परंपरेने वापरल्या जाणाऱ्या वनस्पती. दोहोंतही इस्ट्रोजेनसारखा गुण असल्याचे प्रयोगशाळेत आढळले आहे. परंतु स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत त्या दीर्घकाळ निर्धोक असल्याचे सिद्ध झालेले नाही. शिवाय ज्येष्ठमध अधिक काळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. परदेशी ब्लॅक कोहोश या वनस्पतीच्या गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

रक्तस्रावाकडे दुर्लक्ष नको

पाळी थांबून वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर परस्पर अरिष्ट किंवा काढा घेऊन तो थांबविण्याचा प्रयत्न करू नये. हे गर्भाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांत हा धोका काहीसा वाढतो. अशा वेळी तपासणी हाच पहिला उपाय होय.

कायद्याचे संरक्षण

आयुर्वेदिक औषधांच्या निर्मितीस १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये परवाना लागतो. वेष्टनावर परवाना क्रमांक, निर्माता आणि घटकद्रव्ये पाहूनच औषध घ्यावे. तथापि, परवाना म्हणजे ते औषध कर्करोगाच्या रुग्णास निर्धोक असल्याची ग्वाही नव्हे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने मनाई आहे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

या स्त्रियांनी त्रास निमूटपणे सोसावा, असा याचा अर्थ नाही. संप्रेरकविरहित औषधे उपलब्ध आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. घेत असलेल्या प्रत्येक गोळीची, चूर्णाची आणि काढ्याची माहिती मात्र डॉक्टरांना आणि वैद्यांनाही दिली पाहिजे. जुनी कागदपत्रे व औषधांची वेष्टने सोबत न्यावीत. बारामती येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावपातळीवर ३० वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी आरोग्य केंद्रांमार्फत करण्याची तरतूद असून आशा सेविका त्यासाठी प्राथमिक माहिती भरून घेतात.

इंदापूरला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगावी माहिती दिल्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया रोगाच्या आधीच्या अवस्थेत उपचारांस येऊ लागल्या, असा तेथील अनुभव आहे. माहिती पोहोचली की संकोच मागे पडतो, हाच त्याचा बोध. ग्रामसभेतील एक विषय, बचत गटाची एक बैठक, शाळेतील माता-पालकांचा एक मेळावा एवढे साधले, तरी या दोन तालुक्यांतील एखादी स्त्री काढ्याची बाटली हाती घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारील. आपल्या आजाराचा इतिहासही ती त्यांच्यापुढे मोकळेपणाने मांडील.