घटक ४ : वैभव आणि ईश्वरसान्निध्य (नाणेघाट, पैठण, देहू)

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• समृद्ध प्रपंच आणि ईश्वरनिष्ठा यांचा संबंध मराठी परंपरेने कसा जोडला, हे सांगता येईल.
• नाणेघाटातील शिलालेख, एकनाथांचे चरित्र आणि तुकारामांचे चरित्र यांची तुलना करता येईल.
• दान, संयम आणि त्याग या संकल्पनांतील भेद स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, संकटात देव आठवतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. घरात धान्य, हाताशी पैसा आणि अंगात आरोग्य असताना त्याची आठवण टिकवणे मात्र अवघड असते. शेतजमीन विकून एकाएकी पैसा आलेल्या घरात किंवा नोकरीत स्थिरावलेल्या पहिल्या पिढीत हा प्रश्न आजही उभा राहतो. भक्त व्हायचे तर सुख सोडलेच पाहिजे काय? भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात जनक राजाचा दाखला येतो. राज्य करीत असतानाच तो सिद्धीला पोहोचला. जनक मात्र आपल्यापासून फार दूरचा. म्हणून या घटकात आपण महाराष्ट्राच्या भूमीतील तीन उदाहरणे पाहणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ नाणेघाट : दान करणारी आणि तप करणारी राणी

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे निघाले की वाटेत टोकावडे लागते. तेथून पुढे वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची जुनी पायवाट चढते. सोपारा आणि कल्याण या बंदरांतील माल याच वाटेने जुन्नरकडे आणि पुढे सातवाहनांची राजधानी असलेल्या प्रतिष्ठानाकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे, जात असे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. म्हणजे ही वाट संपत्तीची होती.

याच वाटेवरील लेण्यात ब्राह्मी लिपीतील आणि प्राकृत भाषेतील एक मोठा शिलालेख आहे. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीचे पहिले शतक मानला जातो. लेखाचा बराच भाग झिजला आहे. त्यातील राणी म्हणजे पहिल्या सातकर्णीची पत्नी नागनिका, असे अभ्यासक मानतात. येथील मूर्तींच्या नामलेखांत ‘नायनिका’ हे नाव येते. मूर्ती मात्र आता जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत.

लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य तसेच लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची नोंद येते. एका ठिकाणी १,७०० गाई व १० हत्ती, दुसऱ्या ठिकाणी ११,००० गाई व १,००० घोडे आणि अन्यत्र २४,४०० कार्षापण असे आकडे कोरलेले आहेत. वाचणाऱ्याचे लक्ष प्रथम या आकड्यांवर खिळते.

आपण मात्र राणीच्या विशेषणांकडेही पाहावे. महिनाभर उपवास करणारी, घरात राहून तप करणारी, ब्रह्मचर्य पाळणारी असे तिचे वर्णन लेखात येते. यांतील ‘घरात राहून तप करणारी’ हे विशेषण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. तपासाठी अरण्यात जावे, ही कल्पना रूढ असलेल्या समाजात राजवाड्यातील स्त्रीला तापसी म्हटले गेले.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली अशी, की हा राजघराण्याचा लेख आहे. व्यापारी वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर दानाचे आकडे कोरण्यात कुळाच्या सामर्थ्याचे प्रदर्शनही आहे. दुसरी अशी, की राणी विधवा होती, असे सामान्यतः मानले जाते. तिचे व्रतस्थ जीवन कितपत स्वेच्छेचे आणि कितपत वैधव्याच्या रूढीचे, हे या लेखावरून ठरवता येत नाही. तरीही आकड्यांनी दान मोजता येते, निष्ठा मोजता येत नाही, याची जाणीव लेखकर्त्यांना असावी. म्हणूनच दानाबरोबर संयमाचीही नोंद त्यांना आवश्यक वाटली, असे म्हणता येते.

४.३.२ पैठण : एकनाथांचे उघडे घर

नाणेघाटाची वाट ज्या पैठणला पोहोचत असे, तेथेच सोळाव्या शतकात एकनाथांचा (१५३३–१५९९) संसार झाला. त्यांनी घर सोडले नाही. पत्नी गिरिजाबाई, मुले, कीर्तन, अन्नदान आणि लेखन हे सारे एकाच छताखाली चालले. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. परमार्थासाठी प्रपंच मोडावा लागत नाही, असे त्यांचे आचरण सांगते.

परंपरेतील एक कथा येथे विचारात घेऊ. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. त्याच्या वासाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील भुकेली माणसे दाराशी थांबली. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी ते अन्न त्यांना वाढले आणि ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला. कथेच्या ऐतिहासिकतेची चर्चा बाजूला ठेवली, तरी तिचा आशय स्पष्ट आहे. शिलालेखातील दक्षिणा यज्ञविधीने ठरलेल्या पात्र व्यक्तींना मिळाली. नाथांच्या घरी पात्रता भुकेने ठरली. दानाची किंमत अन्नापुरती राहिली नाही, प्रतिष्ठाही पणाला लागली.

४.३.३ देहू : तुकारामांची अर्धी खते

तुकारामांच्या (निधन १६५०) घराण्यात महाजनकी आणि सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात घर खचले. परंपरा सांगते, की ऋणकोंची खते भाऊ कान्होबांबरोबर वाटून घेऊन तुकारामांनी आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. भावाचा वाटा मात्र त्यांनी बुडवला नाही. आपल्या मालकीचे तेवढेच सोडण्याचा आपल्याला अधिकार आहे, हा विवेक या तपशिलात आहे. शिवाय बुडाली ती दुसऱ्यांवरची येणी. म्हणजे या त्यागाचा लाभ थेट गरजूंना झाला.

मात्र त्यागाचा भार कोणी वाहिला, हेही विचारले पाहिजे. देहूचा संसार ओढताना जिजाईंनी सोसलेली ओढाताण चरित्रकारांनी नोंदवली आहे. पुढे तिची प्रतिमा केवळ ‘भांडखोर बायको’ अशी रंगवली गेली. अभ्यासकाने हा एकांगीपणा ओळखावा.

४.३.४ तुलना

नाणेघाटात संपत्ती देवकार्याला दिली गेली आणि देणारीने स्वतःला आवर घातला. पैठणमध्ये संपत्तीचे दार भुकेल्यासाठी उघडले. देहूत दुसऱ्याला जाचणारी संपत्ती सोडून दिली. तिघांपैकी कोणीही घर सोडले नाही. सुखवस्तू जीवनात ईश्वराजवळ राहण्यासाठी तीन कसोट्या यांतून हाती येतात : मी माझ्या उपभोगाला मर्यादा घातली आहे काय? माझ्या समृद्धीत अनोळखी माणसाला वाटा आहे काय? माझी संपत्ती कोणाच्या नडीवर उभी नाही ना? घरातील दुसऱ्याच्या वाट्याला या निष्ठेचा भार किती येतो, ही चौथी कसोटी आपण आजच्या दृष्टीने जोडावी.

४.४ सारांश

मराठी परंपरेने संपत्तीला सरसकट पाप मानले नाही. तिला सरसकट देवाची कृपाही मानले नाही. संपत्ती कशी आली, कोणापर्यंत पोहोचली आणि तिने माणसाला किती बांधले, यांवरून तिने भक्ताची पारख केली.

४.५ शब्दार्थ

कार्षापण : प्राचीन भारतीय नाणे. खत : कर्जाचा लेखी दस्तऐवज. ऋणको : कर्ज घेणारा. ब्रह्मवृंद : ब्राह्मणांचा समुदाय.

४.६ स्वाध्याय

१) नाणेघाट शिलालेखातील राणीच्या विशेषणांचे महत्त्व स्पष्ट करा.
२) ‘दानाचे पात्र कोण?’ या प्रश्नाच्या आधारे शिलालेख आणि एकनाथांची कथा यांची तुलना करा.
३) तुकारामांनी आपलाच वाटा बुडवला, या तपशिलाचे नैतिक मूल्य सांगा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील मंदिरात देणगीदारांच्या नावांची फरशी किंवा फलक असल्यास त्यावरील मजकूर उतरवून घ्या. त्यात रक्कम, कुळ, श्रद्धा आणि स्मृती यांपैकी कशाला प्राधान्य दिले आहे, ते दोनशे शब्दांत लिहा. नाव न कोरता देणाऱ्यांविषयी गावातील वडीलधाऱ्यांशी बोला आणि त्याची स्वतंत्र नोंद करा.