कृत्रिम तंतूंचे शुद्ध चूर्ण

सोलापूर जिल्ह्यातील अनेक डाळिंब बागांत ऊन व थंडीपासून संरक्षण व्हावे म्हणून झाडांवर पॉलिप्रॉपिलीनचे पातळ कापड आच्छादतात. उन्हाने ते जीर्ण होते आणि त्याचे तंतू मातीत मिसळतात. अशा मातीतील तंतू प्रयोगशाळेस मोजता येतात. परंतु मोजण्याची रीत विश्वसनीय आहे किंवा नाही, हे प्रथम पाहावे लागते. त्याकरिता स्वच्छ मातीत १०० मिलिग्रॅम तंतुचूर्ण मिसळून ते पुन्हा वेगळे करतात. ८० मिलिग्रॅम हाती आले तर रीतीची प्राप्ती ८० टक्के होय. चूर्णच अशुद्ध असेल, तर पुढील सर्व आकडे व्यर्थ होत.

साध्या चक्कीत का दळू नये?
घर्षणाने उष्णता उत्पन्न होते, तंतू मऊ पडतात, पात्यास गुंडाळतात व त्यांचे गोळे बनतात. अतिशीत अवस्थेत मात्र तेच तंतू ठिसूळ होतात. म्हणून उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप नत्रवायू वापरतात.

कृती
तंतू सौम्य साबणाच्या द्रावणाने, नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन सुमारे ४० अंशांवर वाळवावेत. दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करून ते नत्रवायूने पूर्ण गोठवावेत. दळण थोडा थोडा वेळ करावे व मध्यंतरी पुन्हा थंड करावे. चूर्ण पोलादी चाळणीने चाळून काचेच्या बाटलीत ठेवावे.

दक्षता
काम करणाऱ्याने सुती डगला घालावा. पॉलिएस्टरच्या कपड्याचे तंतू गळून चूर्णात मिसळतात. तंतू न घालता हीच कृती एकदा करावी. त्यात जे सापडेल ती बाहेरची भेसळ समजावी. नत्रवायूचे भांडे घट्ट बंद करू नये आणि खोलीत हवा खेळती ठेवावी, अन्यथा प्राणवायू कमी होऊन जीवितास धोका संभवतो.

वेगळे करणे
पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्याने तरंगते. नायलॉन पाण्यात बुडते, पण मिठाच्या संपृक्त द्रावणावर येते. पॉलिएस्टर त्यातही बुडते. त्यास झिंक क्लोराइडचे जड द्रावण लागते. म्हणून चाचणीचे चूर्ण शेतातील तंतूंच्याच जातीचे असावे.

शेतकरी बंधूंनी आच्छादन फाटू लागण्यापूर्वीच काढून गोळा करावे, बांधावर जाळू नये. मातीत गेलेला तंतू वेचणे कठीण. जाऊ न देणे सोपे.