विमा कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला तर

न्यू जर्सीत मी संधिवाताची डॉक्टर आहे. माझी एक पेशंट पुण्याहून आलेली सॉफ्टवेअर इंजिनिअर. र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिसने तिची मनगटं आणि बोटं धरली होती, सकाळी तर मूठही वळायची नाही. नोकरीतून मिळालेल्या लाँग टर्म डिसॅबिलिटी विम्यावर तिचं घर चाललं होतं. चोवीस महिने झाले आणि पॉलिसीतली अट बदलली. तोवर स्वतःचं काम जमत नाही एवढं पुरत होतं, आता कुठलंच काम जमत नाही हे दाखवायचं होतं. अमेरिकेतल्या अनेक ग्रुप पॉलिसींत हे कलम असतं.

त्याच सुमारास, बाहेर पेशंट ताटकळलेले असताना, विमा कंपनीच्या डॉक्टरांनी मला फोन केला. त्यांनी तिला कधी तपासलं नव्हतं, फक्त फाइल वाचली होती. सूज कमी झालीय का, असं विचारलं. औषधाने कमी आहे, पण हात चालत नाहीत, असं मी सांगितलं. मग फॅक्स आला. त्यात लिहिलं होतं की बसून करायचं काम ती पूर्णवेळ करू शकते यावर आमचं एकमत झालं, आणि मुदतीत उत्तर न आल्यास संमती धरली जाईल. मी त्याच दिवशी लेखी हरकत फॅक्सने पाठवली. तरी क्लेम नाकारणाऱ्या पत्रात ते एकमत होतं, हरकत नव्हती.

याहून वाईट पुढे झालं. 'आज जरा बरं आहे' म्हणायची तिला भीती वाटू लागली. "डॉक्टर, हे लिहू नका ना," म्हणायची. पेशंट मोकळेपणी बोलला नाही, तर औषध वाढवायचं की कमी करायचं हे मी कशावरून ठरवू?

म्हणून डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, अशा फोनवर मत देऊ नका. प्रश्न लेखी मागवा, उत्तर लेखीच द्या. नुसतं निदान पुरत नाही. किती वेळ टाइप करता येतं, कधी थांबावं लागतं, महिन्यात वाईट दिवस किती, हे प्रत्येक भेटीच्या नोंदीत येऊ द्या. उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या मताला नोकरीतल्या अशा विमा प्लॅननी खास वजन द्यायलाच हवं असं नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2003 सालीच सांगितलंय. विश्वासार्ह पुरावा मनमानीने डावलता येत नाही, एवढाच आधार आहे. तेव्हा पुरावा भक्कम हवा.

आणि ज्यांचा क्लेम नाकारला गेलाय त्यांना सांगते, नोकरीतल्या विम्याला बहुधा 1974 चा एरिसा कायदा लागू होतो. अपिलाला 180 दिवस मिळतात. आधी पूर्ण क्लेम फाइल मागा, ती विनामूल्य द्यावीच लागते. रागाच्या भरात दोन ओळींचं पत्र धाडू नका. पुढे कोर्टात न्यायाधीश सहसा याच फाइलीतले कागद बघतात, नवा रिपोर्ट तिथे घेतला जाईलच असं नाही. वकील गाठायचा तो अपिलाच्या आधी.

तिच्या अपिलाला आम्ही माझी हरकत, फॅक्सची पोच आणि हातांच्या कार्यक्षमतेच्या चाचणीचा रिपोर्ट जोडला. पैसे पुन्हा सुरू झाले. फेरतपासणीची पत्रं अजून येतात. प्रत्येकाची प्रत ती मला पाठवते, तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना पाठवत जा.