कधीचं आहे आणि कोणाचं आहे

पोरी, नाताळ ते 1 जानेवारी या आठवड्यात तू फोनवर जे जे शोधशील त्याला आधी दोन प्रश्न विचार. हे कधीचं आहे? आणि हे सांगतंय कोण? मी गुहागरात घरगुती राहण्या-जेवणाची सोय चालवते, त्यामुळे तो आठवडा माझा सगळा फोनवर जातो. माणसं काय वाचून बसली आहेत ते त्यांच्या पहिल्याच वाक्यात कळतं. "घाट बंद आहे ना?" "फेरीबोट रात्री उशिरापर्यंत असते ना?" "समोरच्या वाळूवर गाडी नेता येते ना?" बहुतेक वेळा त्यांनी वाचलेलं खोटं नसतं, जुनं असतं. आणि जुनं असलं की त्यावर विसंबून निघालेल्या माणसाचा दिवस जातो.

घाटाचंच घे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, वरंध घाटासारखे रस्ते प्रशासन बंद ठेवतं, त्याच्या ढीगभर बातम्या होतात. डिसेंबरात घाटाचं नाव टाकलंस की त्या जुलैच्या बातम्याही समोर येतात. मथळ्यात कुठेच महिना नसतो. म्हणून बातमी उघडून तारीख बघ. शोधाच्या पर्यायांत 'मागचा आठवडा' निवडता येतो, तो निवडायची सवयच लावून घे. रेल्वेचंही तेच. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. गाडी तीच, क्रमांक तोच, पण पावसाळ्यात वेग कमी ठेवतात म्हणून वेळा बदलतात. कुणीतरी ऑगस्टमध्ये लिहून ठेवलेली वेळ बघून चिपळूण स्टेशनवर आलीस तर गाडी निघून गेलेली असेल. गाडीची वेळ रेल्वेच्याच अ‍ॅपवर बघ, नाहीतर 139 ला फोन कर.

तिकिटाचं मात्र डिसेंबरात शोधायचं नसतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 दिवस असायचं ते नोव्हेंबर 2024 पासून कमी केलं. म्हणजे 25 डिसेंबरला निघायचं असेल तर 26 ऑक्टोबरला सकाळी 8 वाजता तयारीने बसायचं. राहिलंच, तर आदल्या दिवशी तत्काळ: वातानुकूलित डबा सकाळी 10 ला, स्लीपर 11 ला. आणि जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळला खातं आधारशी जोडलेलं लागतं, तेव्हा ते जोडणं आजच करून टाक. 'हमखास कन्फर्म तत्काळ' असं लिहून पैसे मागणारा जो कोणी सापडेल त्याच्या वाटेला जाऊ नको. कन्फर्म झालेलं तत्काळ रद्द केलं तर परतावा मिळत नाही हेही धरून चाल.

आता राहायच्या जागेचं सांगते, कारण यात माणसं फार होरपळतात. एका वर्षअखेरीला रात्री आठच्या सुमाराला आमच्या फाटकाशी एक कुटुंब येऊन थांबलं. नवरा-बायको, दोन पोरं, म्हातारी आई. फोनवर 'बुकिंग पक्कं' असा निरोप, पैसे पूर्ण भरलेले. फोटो बघितला तर शेजारच्या घराची पडवी, तोच झोपाळा, तीच लाल कोबा केलेली जमीन. शेजाऱ्यांना या बुकिंगचा पत्ताच नव्हता. कुणीतरी त्यांचे फोटो उचलून, आपला नंबर लावून, आठवडाभर पैसे गोळा केले होते. आम्ही माजघरात गाद्या घालून त्यांना झोपवलं, पण पैसे गेले ते गेलेच.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते, तुलाही सांगते. फोटो कितीही सुंदर असोत, पैसे भरायच्या आधी फोन कर आणि विचार, "एसटी स्टँडवरून घरी कसं यायचं?" ज्याचं घर आहे तो देवळापासून डावीकडे, पिठाच्या गिरणीच्या पुढे, असं घडाघडा सांगेल. ज्याचं नाही तो म्हणेल, 'लोकेशन पाठवतो.' मग म्हण, "व्हिडिओ कॉल करा आणि अंगणातलं तुळशीवृंदावन दाखवा." खरा मालक जरा वैतागेल, पण दाखवेल. मी स्वतः दाखवते, त्यात मला कमीपणा वाटत नाही. पूर्ण रक्कम आधी मागणारा, 'आत्ता भरा, शेवटची खोली आहे' म्हणून घाई करणारा, यांच्यापासून लांब राहा. अभिप्राय वाचायचे तर 'सर्वात नवे' असा क्रम लावून वाच. पाच तारे देऊन 'छान जागा' एवढंच लिहिणाऱ्यांपेक्षा ज्याने गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं ते लिहिलंय त्याचं ऐक.

देवस्थानांच्या नावानेही हेच चालतं. केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे केंद्राने एप्रिल 2025 मध्ये केदारनाथचं हेलिकॉप्टर, सोमनाथचं अतिथीगृह अशा नावांनी काढलेल्या बनावट संकेतस्थळांबद्दल लोकांना सावध केलं होतं. वर्षअखेरीला तुझे आईबाबा शिर्डीला जायचं म्हणतील. दर्शनाचा पास आणि भक्तनिवास संस्थानच्याच संकेतस्थळावरून घ्या. शोधल्यावर सगळ्यात वर 'प्रायोजित' असं बारीक लिहिलेलं जे येतं ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, तिथे बोट लावू नको.

आणि पैसे अडकले, परतावा हवा, म्हणून 'ग्राहक सेवा क्रमांक' कधीही असाच शोधू नको. नकाशावरच्या नोंदीतला नंबर बदलायची सूचना कुणालाही करता येते. त्या वाटेने ठकांचे नंबर मोठमोठ्या नावांखाली जाऊन बसतात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, कंपनीचा तिच्या अ‍ॅपमध्ये असतो. समोरचा म्हणाला की परतावा घ्यायला पिन टाका, क्यूआर स्कॅन करा, फोनची स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्या, तर तिथल्या तिथे फोन ठेव. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की ते आपल्याच खात्यातून जातात. एवढं करूनही कुणी फसलंच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लाव. लाजेने दोन दिवस गप्प बसू नको. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत कळवलं तर बँकेला ते गोठवता येतात.

हे झालं पैशाचं. समुद्राचं याहून महत्त्वाचं आहे, कारण तिथे 1930 नाही.

त्या आठवड्यात माणसं 'सूर्यास्ताची वेळ' शोधतात, 'भरतीची वेळ' शोधत नाहीत. सूर्य इथे सव्वासहाच्या आत बुडतो, तो चुकला तर उद्या दिसेल. भरती चुकवून चालत नाही. तू फोनवर भरतीचं कोष्टक जरूर बघ, पण ते कोणत्या बंदराचं आहे तेही बघ. आणि माझ्या सासऱ्यांनी मला शिकवलेला हिशेब पाठ करून ठेव, त्याला नेटवर्क लागत नाही. कालनिर्णय बघायचं, तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे 3 वाजता पूर्ण भरती. अष्टमीला 6. एकादशीला सव्वाआठ. पुनवेला आणि अवसेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. साधारण बारा तासांनी पुन्हा तेवढ्याच सुमाराला भरती, आणि मधे सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून हे गणित बसतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढी जागा सोडायची. पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं, पाणी वर जास्त चढतं आणि खाली जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, त्यात जोर कमी.

हे कशाला सांगते? अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, मग लोक आत रमतात आणि परतीच्या वाटेवर पाणी आलेलं असतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीतच करायची असते. तिथल्या खडकांवर लाटेने ओढून नेलेली माणसं मी ऐकून आहे, आणि ती पोहता न येणारीच होती असं नाही. आमच्या हेदवीची बामणघळ उलटी. खडकातल्या चिरेत घुसलेली लाट उंच उसळते ते बघायला भरतीलाच यावं लागतं, पण कठड्यासारखा दिसणारा ओला खडक पायाखाली घ्यायचा नाही, मागे उभं राहायचं. आणि गाडी वाळूवर उतरवायची नाही. ओहोटीला वाळू टणक लागते, फोटो छान येतो, मग चाकं रुततात आणि पाणी वर येतं. किनाऱ्यावर वाळू उपसणारी, दोर लावणारी आमच्याच गावची पोरं असतात, त्यांच्या जिवाचा विचार कर.

फेरीबोटीचंही विचारतात सगळे. दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, गाडीसकट खाडी ओलांडता येते आणि मोठा वळसा वाचतो. नकाशा सरळ रेघ दाखवतो, पण जेटीवर उभी राहिलेली गाड्यांची रांग त्यात धरलेली नसते. शेवटची फेरी कितीला ते त्या दिवशी सकाळी फोन करून विचार, आणि शेवटच्या फेरीच्या भरवशावर संध्याकाळ आखू नको.

गोव्यात जाणार असशील तर भाड्याची दुचाकी घेताना नंबरप्लेट बघ. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तरच ती भाड्याने द्यायची गाडी. पांढऱ्या पाटीची घेतलीस तर पोलीस अडवू शकतात.

'उघडं आहे का' हा त्या आठवड्यातला आणखी एक शोध. नाताळच्या सुट्टीत सगळं उघडंच असणार असं लोक धरून चालतात. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. घारापुरी सोमवारी बंद, ताडोबा मंगळवारी बंद, मुंबईची राणीची बाग बुधवारी. संभाजीनगरची सहल आखशील तर अजिंठा-वेरूळचे हे दोन बंद दिवस आधी कॅलेंडरवर खूण करून ठेव, मग बाकीचं ठरव. बँका मात्र नाताळला बंद असतात आणि 1 जानेवारीला आपल्याकडे चालू, तिथे उगाच घाबरून पैसे काढायची गर्दी करू नको. बाबांचं आयकर विवरणपत्र राहिलं असेल तर उशिराचं भरायची मुदत 31 डिसेंबरला संपते. सुट्टीच्या धांदलीत ते दरवर्षी कुणा ना कुणाचं राहतं. तेही आयकर खात्याच्या संकेतस्थळावरच, आलेल्या लिंकवरून नाही.

गावी नगरला जायचं असेल तर 1 जानेवारीला पुणे-नगर रस्त्याने निघायच्या आधी पुणे पोलिसांनी वाहतुकीत केलेले बदल बघ. त्या दिवशी पेरणे फाट्याला विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखो माणसं येतात, रस्ता वळवलेला असतो. त्या माणसांचा तो मोठा दिवस आहे. आपण दुसऱ्या रस्त्याने किंवा दुसऱ्या दिवशी जावं.

आणि नगरला गेलीस की हुरडा खाल्ल्याशिवाय येऊ नको. मी तिकडचीच, हुरड्यावर वाढले, म्हणून यात मला कळतं. 'हुरडा पार्टी जवळपास' असं शोधलं की झोपाळे, बैलगाडी, जादूचे खेळ यांचेच फोटो येतात. फोन करून एकच विचार, "कणसं आज तोडलेली आहेत का, आणि आगटी कुठे पेटवता?" डिसेंबरच्या शेवटी ज्वारी कुठे दाण्यात भरलेली असते, कुठे नसते. ज्याच्याकडे नसते तो फ्रीजमधला हुरडा कढईत गरम करून वाढतो. खरा हुरडा आगटीतल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, कणीस गरम असतानाच तळहातावर चोळतात, कोंडा फुंकतात, आणि हिरवे दाणे सरळ तुझ्या हातावर येतात. वाफ असेपर्यंतच खायचे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. गार झाले की चामट लागतात.

एक गोष्ट मात्र अजिबात शोधायची नाही. छातीत दुखतंय, घाम येतोय, एक हात जड वाटतोय, बोलताना जीभ अडखळतेय, असं घरातल्या कुणाला झालं तर 'अ‍ॅसिडिटी की आणखी काही' असं वाचत बसू नको. 108 ला फोन कर, नाहीतर गाडीत घालून जवळचं मोठं रुग्णालय गाठ. नव्या गावी पोचलीस की पहिल्या तासातच ते रुग्णालय कुठे आहे आणि रात्री डॉक्टर असतात का हे मालकाला विचारून ठेव. आमच्याकडे येणाऱ्यांनी विचारलं नाही तरी मी सांगते.

इकडे येताना कुंभार्ली घाटात नेटवर्क जातं, म्हणून नकाशा घरूनच उतरवून घे. तिकीट, बुकिंगचा निरोप, जागेच्या मालकाचा नंबर कागदावरही लिहून पाकिटात ठेव, फोन बंद पडला तर तो कागदच कामाला येतो. आणि मासे खायचे असतील तर मला आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळव. लिलावाला पहाटे माणूस पाठवावा लागतो, आणि त्या आठवड्यात सुरमई मुंबईच्या गाड्यांत आधी जाते.