जुन्या जीप-पिकअपची धूरनळी : निवड व जोडणी

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत कडबा, सोयाबीनचीं पोतीं, शेळ्या व भूम-परांड्याकडील खवा बाजारास पोंचविण्यासाठीं कोठें कोठें अद्यापि जुन्या जीप-पिकअप गाड्या राबत आहेत. ह्या गाड्यांचा वंश मुंबईचा आहे. १९४५ सालीं महिंद्र बंधू व गुलाम महंमद यांनीं काढलेल्या कंपनीनें १९४७ सालीं अमेरिकेंतील विलिज जीप या देशांत आणून जोडण्याचा उद्योग हातीं घेतला. १९४८ सालीं त्या कंपनीस महिंद्र अँड महिंद्र हें नांव मिळालें. पुढें जीपच्याच इंजिनावर मालवाहू गाड्याही निघाल्या. अशी गाडी ओझें घेऊन तुळजापूरचा घाट चढतांना दम टाकूं लागली, कीं "जुना मॅनिफोल्ड काढा व हेडर बसवा, म्हणजे ताकद वाढेल," असा सल्ला हटकून मिळतो. हा सल्ला केव्हां खरा, केव्हां खोटा, आणि खरा असल्यास तें काम कसें करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

१. हेडर म्हणजे काय

इंजिनाच्या चार सिलिंडरांतील जळालेला वायु बाहेर पडतांना प्रथम बिडाच्या एका पोकळ ओतीव भागांत शिरतो. यास मॅनिफोल्ड म्हणतात. चार वाफ्यांचें जादा पाणी एकाच आखूड चारींत काटकोनांत सोडलें, तर एकाचा लोंढा दुसऱ्याच्या तोंडाशीं आडवा येतो. तसाच प्रकार येथें घडतो. हेडरांत प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र पोलादी नळी असते. नळ्या शक्य तितक्या समान लांबीच्या करून पुढें लहान कोनांत एकत्र आणतात. एका सिलिंडरांतून वेगानें निघालेला वायु आपल्या मागें थोडी पोकळी सोडून जातो, व ती पोकळी उरलासुरला धूर ओढून घेते. हेडरचा सारा लाभ या ओढींत आहे.

परंतु ही ओढ नळीची लांबी, रुंदी व इंजिनाचे फेरे यांवर अवलंबून असते. विलिजच्या एफ-१३४ जातीच्या पेट्रोल इंजिनाचें आकारमान १३४ घनइंच, म्हणजे सुमारें २,२०० घनसेंटिमीटर आहे. मिनिटास ४,००० फेऱ्यांवर तें सत्तराहून अधिक अश्वशक्ति देतें. पण त्याचा ओढण्याचा जोर २,००० फेऱ्यांच्या सुमारास सर्वांत अधिक असतो. ओझ्याची गाडी बहुतेक वेळ याच सुमारास चालते. शर्यतीच्या गाडीस शोभणारी रुंद नळी हिला घातली, तर वायूचा वेग मंदावतो, ओढ नाहींशी होते, आणि पैसे खर्चून घाटांतील जोर उलट कमी होतो.

२. आधीं पाहणी

आधीं स्थळपाहणी व मग हुकूम, हा क्रम महसूल खात्यांत आम्हां कारकुनांच्या अंगवळणीं पडलेला असे. गाडीसही तोच लागू आहे. दम कमी होण्याचीं कारणें पुष्कळ असतात : झिजलेल्या रिंगा, न मिटणारे व्हॉल्व्ह, जळालेले पॉइंट, धुळीनें भरलेला एअर फिल्टर, चाकास धरून राहणारे ब्रेक. हीं कारणें तपासल्यावांचून धूरनळीस दोष देऊं नये.

त्यानंतर सायलेन्सर पाहावा. आंतील पत्रा गंजून कोसळला म्हणजे वाट बुजते. जोड सैल करून, आपल्याच रानांत, थोडें अंतर गाडी चालवून पाहावी. दम परत आला, तर दोष सायलेन्सरचा आहे व नवा सायलेन्सर पुरेसा आहे. डिझेल गाडींत, उदाहरणार्थ २,११२ घनसेंटिमीटरच्या प्यूजो एक्स. डी. पी. ४.९० इंजिनांत, काळा धूर बहुधा इंजेक्टर, पंप अगर एअर फिल्टर यांच्या दोषानें येतो. हेडरनें तो जात नाहीं. टर्बो बसविलेल्या इंजिनाचा मॅनिफोल्ड तर टर्बोचा भारही पेलतो. त्यास हात लावूं नये.

शेवटीं मॅनिफोल्ड पाहावा. थंड इंजिन सुरू करतांना टिक् टिक् असा आवाज येणें, तोंडाजवळ काजळीची रेघ उमटणें, हीं फुटीचीं किंवा पॅकिंग गेल्याचीं चिन्हें आहेत. केवळ पॅकिंग गेलें असल्यास तेंच बदलावें. मॅनिफोल्ड शाबूत असेल तर तो ठेवावा. बीड जड असलें तरी आवाज दाबतें व वर्षानुवर्षें टिकतें. तडा असल्यास प्रथम जुना पण चांगला मॅनिफोल्ड शोधावा, किंवा बिडाचें वेल्डिंग जाणणाऱ्या कारागिराकडून तुकडा तापवून निकेलच्या कांडीनें सांधून घ्यावा. हे दोन्ही मार्ग खुंटले म्हणजेच हेडरचा विचार करावा.

३. निवड

(अ) तोंडें मोजावीं. कांहीं जुन्या इंजिनांत मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच तोंडानें निघतो. अँबॅसडरचें १,४८९ घनसेंटिमीटरचें पेट्रोल इंजिन तसेंच होतें. तेथें चार नळ्यांचा हेडर बसणार नाहीं. नवें पॅकिंग इंजिनावर ठेवून त्याचाच नमुना घ्यावा.

(आ) नळीचा आंतील व्यास इंजिनाच्या तोंडाच्या बेताचा असावा. आपल्या २,२०० घनसेंटिमीटरच्या इंजिनास दीड इंचाच्या आसपास पुरे. दोन इंच फार झाले.

(इ) विलिज इंजिनांत सिलिंडर १-३-४-२ या क्रमानें पेटतात. म्हणून १ व ४ यांची एक जोडी, २ व ३ यांची दुसरी जोडी करून मग दोहोंची एक नळी करावी. या रचनेनें कमी व मध्यम फेऱ्यांवर जोर चांगला मिळतो. चारही नळ्या एकदम एकत्र आणण्याची रचना अधिक फेऱ्यांच्या इंजिनास सोयीची आहे.

(ई) तोंडावरील पट्टी १० मिलिमीटर जाडीची व नळीचा पत्रा निदान दीड मिलिमीटरचा असावा. विहिरीवरील जस्ताचा मुलामा दिलेला जी. आय. पाइप घरीं पडून आहे म्हणून तो कदापि वापरूं नये. वेल्डिंगच्या उष्णतेनें जस्ताची वाफ होते, आणि ती श्वासाबरोबर गेल्यास कारागिरास थंडी वाजून ताप येतो.

(उ) जुन्या एल जातीच्या जीप इंजिनांत धुराचा मॅनिफोल्ड पेट्रोलच्या मॅनिफोल्डास खालून ऊब देतो. हेडर बसविल्यावर ती ऊब जाते, व हिंवाळ्याच्या पहाटे इंजिन अडखळतें. अशा इंजिनास हेडर न बसविणेंच श्रेयस्कर.

४. जोडणी

बॅटरीची तार काढावी. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीं, इंजिन पूर्ण थंड असतां, गंज सोडविणारें तेल सोडावें. पाना प्रथम किंचित् आवळण्याच्या दिशेनें व मग सोडण्याच्या दिशेनें फिरवावा. हट्टानें ओढल्यास स्टड ब्लॉकांत मोडतो, आणि मग शंभर रुपयांचें काम हजारांवर जातें.

जुनें पॅकिंग खरवडण्यापूर्वीं तें ओलें करावें. जुन्या पॅकिंगांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. तोंडांत चिंधी कोंबून मग घासावें, व शेवटीं चिंधी काढण्यास विसरूं नये.

हेडरची पट्टी सरळ पट्टीखालीं धरून पाहावी. वहीचे तीन कागद सरकतील एवढी फट दिसली, तर ती लेथवाल्याकडून सपाट करून घ्यावी. नंतर पॅकिंगशिवाय हेडर नुसता लावून पाहावा. पेट्रोलची नळी व पंप, ब्रेकचा पाइप, स्टार्टरच्या तारा व स्टिअरिंग यांपासून तो चार बोटें तरी दूर राहिला पाहिजे. जेथें तें साधत नाहीं, तेथें मध्यें पत्र्याचा आडोसा द्यावा.

नवें पॅकिंग घालून नट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांनीं, सारखे आवळावे. दोन फूट लांबीचें साधें पोलाद ४०० अंशांनीं तापलें तर सुमारें ३ मिलिमीटर वाढतें; म्हणून नळीस ताण देऊन जोडूं नये. सायलेन्सर रबरी पट्ट्यांवर टांगावा, आणि हेडरच्या शेवटास इंजिन किंवा गिअरबॉक्सवरून आधार द्यावा. एकदां इंजिन तापवून थंड झाल्यावर नट पुन्हां आवळावे. पेट्रोल गाडींत थोडे दिवस चालवून प्लग काढून पाहावा. तो तपकिरी असावा. पांढरा पडल्यास पेट्रोल कमी पडत आहे, कार्बोरेटर जुळवून घ्यावा, नाहींतर व्हॉल्व्ह जळतील.

५. जिवाची व मालाची काळजी

धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते, आणि चालणाऱ्यास कळण्यापूर्वीं शुद्ध जाते. ज्या गाडीचें इंजिन कॅबिनच्या आंत बैठकीपाशीं आहे, अशा एफ. सी. जातीच्या गाडींत जोड गळणें म्हणजे हा वायु थेट चालकाच्या नाकाशीं नेणें होय. बंद गोठ्यांत किंवा शेडांत इंजिन चालू ठेवूं नये.

दुसरें भय आगीचें. भरल्या गाडीनें चढ चढतांना धुराचें नळकांडें ५०० अंशांपलीकडे तापूं शकतें, आणि वाळका कडबा, पाचट व गवत त्याहून पुष्कळ कमी उष्णतेवर पेट घेतात. तापलेली गाडी कधींही पाचटावर उभी करूं नये. नळी व हौद्याची फळी यांत मोकळी जागा व पत्रा असावा, आणि कडबा हौद्याच्या खालीं लोंबूं देऊं नये.

कायद्याचेंही भान ठेवावें. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें सायलेन्सर सक्तीचा आहे, आणि धूर खालीं अगर डाव्या बाजूस सोडतां येत नाहीं. सायलेन्सर काढून नुसता हेडर ठेवल्यास दंड होतो व तपासणींत गाडी अडते.

६. हिशेब

हेडर बसविण्यापूर्वीं व नंतर, सारखें ओझें घेऊन, त्याच घाटास किती मिनिटें लागलीं हें वहींत लिहावें. टाकी काठोकाठ भरून निघावें, ठराविक किलोमीटर झाल्यावर पुन्हां काठोकाठ भरावी, व किती लिटर लागले तें टिपावें. असें प्रत्येकीं तीन वेळां करून सरासरी काढावी. चांगल्या मॅनिफोल्डाच्या जागीं हेडर घालणारास हा फरक बहुधा अल्पच आढळेल. फुटक्या मॅनिफोल्डाच्या जागीं नीट बसविणारास मात्र गेलेला जोर व निर्धास्तपणा दोन्ही परत मिळतील. शेतकरी बंधूंनीं गाडीच्या आवाजावर न भुलतां वहींतील आंकड्यांवर विश्वास ठेवावा, आणि तोंडापासून शेवटापर्यंत एकही जोड गळत नाहीं याची खात्री झाल्यावरच गाडी रस्त्यावर काढावी.