विश्वकिरणांची चाळण

ज्वारी लहानमोठ्या भोकांच्या चाळण्यांतून काढिली, म्हणजे कोणत्या आकाराचा दाणा किती, हे उघड होते. अवकाशातून अहोरात्र येणाऱ्या विश्वकिरणांचीही विद्वानांनी अशीच चाळण केली आहे. दाण्याचा आकार पाहावा, तशी कणाची ऊर्जा पाहावयाची. किती ऊर्जेचे किती कण, ह्या मांडणीस ऊर्जापट म्हणतात.

विश्वकिरणांत बहुतेक कण प्रोटॉन असतात. इलेक्ट्रॉन शेकडा एखादाच. तो ओळखावा कसा? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. आर. डॅनियल व एस. ए. स्टीफन्स ह्यांनी हैदराबादेहून सोडलेल्या फुग्याबरोबर छायाचित्रणाच्या रसायनाचे जाड थर ३० किलोमीटरांहून उंच पाठविले, व १९६५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. इलेक्ट्रॉन थरांत शिरला की प्रकाशकण फेकतो. प्रकाशकणापासून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन ही जोडी निपजते. तीही प्रकाशकण फेकते. असा कणांचा वर्षाव वाढत जातो. त्याचे गणित मुंबईचेच होमी भाभा व त्यांचे सहकारी हाइटलर ह्यांनी १९३७ साली मांडिले होते. प्रोटॉन मात्र अणुकेंद्रावर आदळून निराळ्या खुणा ठेवितो. वर्षावातील रेषा सूक्ष्मदर्शकाखाली मोजिल्या, म्हणजे मूळ इलेक्ट्रॉनाची ऊर्जा कळते.

हैदराबादच का? ते स्थळ चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. सरळ वरून येणारा सुमारे १७ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टहून कमी ऊर्जेचा कण पृथ्वीचे चुंबकत्व तेथे पोहोचूच देत नाही. पृथ्वीच येथे चाळणी होते, व टपोरे दाणे तेवढे हाती येतात.

परंतु फुग्यावरच्या विरळ हवेतही प्रोटॉनांच्या धडकेने नवे इलेक्ट्रॉन जन्मतात. ते हिशेबातून वजा केले नाहीत, तर घरचेच दाणे परगावचे म्हणून मोजिले जातील आणि सारा ऊर्जापट खोटा ठरेल.

ऊर्जा दसपट झाली की तेवढ्याच रुंदीच्या टप्प्यातील इलेक्ट्रॉन सुमारे सहस्रांशाने उरतात. ह्याचे एक कारण असे, की तारकांमधील चुंबकक्षेत्रात व प्रकाशात इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावितो. ऊर्जा दुप्पट, तर ऱ्हास चौपट. म्हणून अतिशय ऊर्जावान इलेक्ट्रॉन फार दुरून येऊ शकत नाही. १९६८ साली के. सी. आनंद ह्यांच्यासह ह्याच संशोधकांनी ५० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टवरील मापनावरून हे कण आकाशगंगेत किती काळ कोंडून राहतात, ह्याचा विचार मांडिला.

आपल्या प्रयोगवहीतही जे दिसले तेच लिहावे. जे वजा करावयाचे, ते कारण नोंदवून वजा करावे. नकोसा आकडा मात्र गुपचूप खोडू नये.